छत्री, केळं, खुर्ची

बेळगाव, २१ जानेवारी

अण्णा,

तू फोन उचलत नाहीस. पत्र उचलावं लागत नाही, ते घरात येऊन पडतं, म्हणून लिहिते आहे. पाकिटावर तुझ्या नावाशेजारी सुमंगलावहिनीचंही नाव मुद्दाम घातलं आहे. तू वाचलं नाहीस तर ती वाचेल.

सोमवारी दुपारी भिकाजीकाकांचा फोन आला. ते दांडेलीच्या बाजारातून परत येत होते. कुळगीच्या वनखात्याच्या कॅम्पापाशी बस थांबली तेव्हा फाटकासमोर त्यांना बाबा उभे दिसले. पायात चप्पल नाही, खांद्यावर टॉवेल, हातात रिकामा डबा. फाटकावरच्या गार्डला ते सांगत होते की माझी ड्यूटी आहे, आत सोड. कुळगीतली वॉचमनची नोकरी बाबांनी सोडली तेव्हा मी शाळेत होते. काका बसमधून उतरले, बाबांना घेऊन पुढच्या गाडीने गुंदला आले आणि त्यांना तुझ्या हवाली केलं. तू त्यांना चहा पाजलास आणि काकांना म्हणालास, जुन्या ओळखीच्यांना भेटायला गेले असतील.

काकांनी शेवटी एक गोष्ट हसत हसत सांगितली. गार्डने बाबांना नाव विचारलं, तर बाबांनी नाव सांगितलंच नाही. बोटं मोजत म्हणाले, छत्री, केळं, खुर्ची.

"तीन जिनसा सांगत व्हता बघ," काका म्हणाले. "गार्डाला वाटलं बाजाराला निघालाय म्हातारा."

मी हसले नाही. ते तीन शब्द मला ठाऊक आहेत. तुलाही ठाऊक आहेत.

तुला सोयीचं तेवढंच आठवतं, म्हणून बाकीचं मी सांगते. गेल्या पावसाळ्यात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आपण बाबांना इथे आणलं. जिथली बीपीची यंत्रं, वजनकाटे आणि सलाईनचे पंप मी तपासून देते त्याच हॉस्पिटलात. पासष्टीच्या वरचा पेशंट दाखल झाला की तिथली सिस्टर त्याच्याजवळ बसून थोडे प्रश्न विचारते. महिना कुठला, आपण कुठल्या गावात आहोत, कितव्या मजल्यावर. तीन शब्द ऐकवते आणि लक्षात ठेवायला सांगते. मग कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावते आणि त्यानंतर ते तीन शब्द परत विचारते. पेशंट विसरायला लागला आहे का, हे भूल देण्याआधी माहीत असावं, आणि तसं दिसलं तर पुढच्या तपासण्या लावाव्यात, एवढ्यासाठी.

पहिल्या संध्याकाळी मी तिथेच होते. प्राजक्ता सिस्टरने महिना विचारला तर बाबा खिडकीकडे बघत राहिले. तीन शब्द ऐकले तेव्हा लगेच म्हणून दाखवले. घड्याळ काढून झाल्यावर विचारलं तर म्हणाले, कसले शब्द? तू मधे बोलत होतास. सिस्टरने तुला दोनदा गप्प केलं. मग ती म्हणाली, आजच एवढा प्रवास करून आलेत, गोंधळले असतील, उद्या सकाळी परत बघू.

दुसऱ्या दिवशी मी कामाला खानापूरला होते. संध्याकाळी परत आले तर तू वॉर्डाच्या दारातच माझ्या हातावर पेढा ठेवलास. "बाबा पास. समदं बरोबर." सिस्टरला विचारलं तर तिनेही तेच सांगितलं. एका रात्रीच्या झोपेने गोंधळ ओसरतो, असं होतं. मी पेढा खाल्ला.

दुसऱ्या वेळी वेगळे तीन शब्द द्यायचे असतात. सिस्टरने दिले नाहीत, घाईत तेच परत वापरले. तो दोष तिचा. काल तिला मी तो तोंडावर सांगितला आणि तिने मान्य केला.

आता तुझं. त्या सकाळी सिस्टर येण्याआधी तू काय केलंस?

मयूरी


बेळगाव, ९ फेब्रुवारी

अण्णा,

वहिनीचा फोन आला. टेकावर चढून, रेंज धरून बोलत होती. तू माझं पत्र ओट्यावर बसून वाचलंस, दोनदा वाचलंस, आणि न्हाणीच्या चुलीत घातलंस. त्या पत्राची मी एक प्रत ठेवली आहे. हवी तेव्हा परत पाठवते.

तिने मला सगळं सांगितलं. तिच्यावर ओरडू नकोस. नवऱ्याची बाजू घेऊनच ती बोलत होती.

तर त्या सकाळी चहा झाल्यावर तू बाबांचा हात धरून वॉर्डाच्या लांब पॅसेजमधे त्यांना फिरवलंस. या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांच्या करंगळीच्या पहिल्या पेरावर अंगठा ठेवून म्हणालास, छत्री. दुसऱ्या पेरावर, केळं. तिसऱ्यावर, खुर्ची. मग दुसरं बोट, महिना. मग गाव, मग मजला. ते म्हणायचे, तू म्हणायचास, परत ते म्हणायचे. बांधावरून चालत बाबा आपल्याला देवांचं गाऱ्हाणं शिकवायचे अगदी तसं. पेराला एक देव. चुकलं की मागे जाऊन पहिल्या पेरापासून.

वहिनी म्हणाली, "वन्सं, भ्याले व्हते वो ते. नापास झालं तर बाबास्नी धारवाडला नेतील म्हणून."

आपल्याकडे धारवाड म्हटलं की लोकांना वेड्यांचं इस्पितळच दिसतं, मला ठाऊक आहे. पण तू दहावी झालेला माणूस आहेस. शंका होती तर मला विचारायचंस. मी संध्याकाळी येणारच होते. तू विचारलं नाहीस, कारण भीती एवढीच नव्हती. दुसरी भीती वहिनीने सांगितली नाही, तिने फक्त विषय बदलला. ती मी सांगते. गावकारकीचा मान आपल्या घरात आहे. शिगम्याला सगळा गाव जमला की मांडावर गाऱ्हाणं बाबा घालतात. बाबांना विसर पडतो हे गावात कळलं तर त्यांच्या जागी तुला उभं राहावं लागेल, आणि तुला गाऱ्हाणं अर्धंही येत नाही. देवराईतले चार देव झाले की तू अडकतोस, बारा वर्षांचा होतास तेव्हाही तिथेच अडकायचास. तू अडकलास की मान भिकाजीकाकांच्या घरात जाणार. म्हणून बाबा पास व्हायला हवे होते.

आता माझं काम काय आहे ते ऐक, कारण तू सगळ्यांना सांगतोस की बहीण दवाखान्यात मशिनी पुसते. बीपीचं यंत्र दहा अंक कमी दाखवत असेल तर मी त्यावर लाल चिठ्ठी लावते आणि ते वॉर्डातून उचलून नेते. यंत्राचा अपमान झाला असं कुणाला वाटत नाही. आकडा चांगला यावा म्हणून मी काट्याला बोट लावलं असतं, तर त्या आकड्यावर विसंबून कुणीतरी गोळी बंद केली असती आणि कुणीतरी मेलं असतं. तू काट्याला बोट लावलंस. वर पेढे वाटलेस.

तू म्हणशील बाबा यंत्र नाहीत. बरोबर आहे. यंत्र चप्पल न घालता कुळगीला जात नाही.

आणि हे नीट वाच, हे चुलीत घालण्याआधी दोनदा वाच. विसर पडण्याची काही कारणं औषधाने सुधारतात. थायरॉइड कमी झालेलं असतं, रक्तात एखादं व्हिटॅमिन उतरलेलं असतं. वेळेत कळलं तर गेलेलं थोडंफार परत येतं. उशीर झाला तर येत नाही. हे एका रक्ततपासणीत कळतं. ती तपासणी कधी लावतात? प्रश्नांमधे पेशंट कमी पडला तर. ज्याला पूर्ण गुण मिळालेत त्याचं रक्त या कामासाठी कोण काढणार? बाबांचं काढलं नाही. तेव्हापासून पावसाळा गेला, सुगी गेली. दिवाळीत मी म्हटलं की बाबा मला दोनदा आईच्या नावाने हाक मारून बसले, तर तू पाहुण्यांसमोर म्हणालास, "जास्त शिकली की माणसं आजारी दिसाय लागतात व्हय गं?" सगळे हसले. बाबाही हसले. तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस.

बाबांना शिगम्याच्या आधी इथे घेऊन ये. वेगळे शब्द, वेगळी सिस्टर, आणि खोलीत तू नाहीस. मीही नाही.

मयूरी


बेळगाव, २७ फेब्रुवारी

अण्णा,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे वहीच्या पानावर चार ओळी. उत्तर द्यायला त्या पुन्हा उतरवते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाही दिसेल.

"शिगमा होऊ दे. मांडावर बाबा गाऱ्हाणं घालतील तवा तू ये आनि तुझ्या डोळ्यानं बघ. ज्यास्नी समदं गाऱ्हाणं पाठ हाय त्यास्नी इसर पडलाय म्हनायला तुला लाज वाटाय पायजे. पत्र धाडू नको."

गाऱ्हाणं त्यांना पाठ असणारच. ते शेवटी जाईल. साठ वर्षांपूर्वी पेरांवर बसलेलं आधी जात नाही. आधी जातं ते आज सकाळचं. चहा प्यालो का, चूल विझवली का, दार कुठल्या बाजूला आहे. गाऱ्हाणं येतं म्हणजे बाबा ठीक आहेत, हे म्हणणं म्हणजे विहीर भरलेली दिसते म्हणून रहाट मोडलेला नाही म्हणणं आहे.

वहिनीकडून कळलं की बाबांनी दोन वेळा गोठ्याचं दार उघडं टाकलं आणि पाडी जंगलात गेली. गावात तू सांगितलंस की दार वाऱ्याने उघडलं. तिला तू आता बाबांच्या मागे मागे राहायला लावलं आहेस, म्हणजे लोकांना दिसू नये. ती शेतावर जाते, सरपण आणते, तुझा स्वयंपाक करते आणि वर तुझ्या खोट्याची राखण करते. एक दिवस तिचं लक्ष चुकेल. व्हाळाच्या पाण्यावर गवे उतरतात हे तुला मी सांगायला नको.

शिगम्याला येते. बघायला नाही, न्यायला.

मयूरी


बेळगाव, १७ मार्च

अण्णा,

त्या दिवशी मांडावर मी तुला काही बोलले नाही, कारण तिथे माणसं होती. परतीच्या बसमधे रामनगरपर्यंत मी मनातल्या मनात बोलत आले. आता कागदावर बोलते. फोन उचलायला तू तयार आहेस असं वहिनीने सांगितलं, पण फोनवर तू मधे बोलशील.

आधी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. तू गावात कसं सांगशील मला माहीत नाही, म्हणून एक खरी प्रत असू दे.

बाबांना नवं धोतर नेसवून तू मांडावर आणलंस. पुढे ठेवलेला नारळ त्यांनी नीट उचलला. सुरुवात केली तेव्हा त्यांचा आवाज इतका स्वच्छ होता की बायकांच्या घोळक्यात माझ्या शेजारी उभी असलेली वहिनी रडायला लागली. वरच्या राईतला देव, खालच्या व्हाळावरची माता, वेशीवरचा राखणदार, बांबूच्या बेटातला पुरुष. प्रत्येक नावाला बाबांचा अंगठा पेरावर, आणि प्रत्येक नावाला अख्खा मांड, "व्हय म्हाराजा." तू माझ्याकडे बघितलंस. मला तुझं ते बघणं विसरता येणार नाही. जिंकलास असं तुला वाटलं होतं.

मग राईतले आणि पाण्यावरचे देव संपले. पुढे घरांची राखण मागायची असते. बाबांचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर आला आणि ते थांबले. कुणाला काही वाटलं नाही, दम घेत असतील. मग त्याच आवाजात, देवांच्याच चालीवर ते म्हणाले, "छत्री, केळं, खुर्ची."

माझ्या शेजारची म्हातारी वहिनीला हळूच विचारत होती, "ह्यो नवा देव कुठला गं बाय?" पुढच्या पोरी तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या.

तेव्हा पहिला आवाज भिकाजीकाकांचा आला. मोठ्याने, ठाम. "व्हय म्हाराजा." त्यांच्या मागून सगळ्यांनी म्हटलं. बाबांनी पुढचं पेर धरलं. "बेळगाव, दुसरा मजला." काका म्हणाले, "व्हय म्हाराजा." मांड म्हणाला, "व्हय म्हाराजा." आता कुणी हसत नव्हतं. मग बाबांना वाट सापडली आणि ते घरांच्या राखणीवर आले, चाकरीला गेलेल्यांवर आले, गुराढोरांवर आले, आणि गाऱ्हाणं पुरं झालं.

तुझं तोंड पांढरं पडलं होतं. मांडावरच्या एवढ्या माणसांत ते शब्द कुठून आले हे फक्त तिघांना ठाऊक होतं आणि त्यातला तू एक होतास. लोक नारळाच्या खोबऱ्याला पुढे सरकले तेव्हा तू माझ्याजवळ आलास. दिवाळीनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोललास.

"मयूरे," तू म्हणालास, "ते माझं बोल हायत."

हो, अण्णा. ते तुझे बोल आहेत. मला त्या क्षणी तुझी दया आली पाहिजे होती, असं वहिनी म्हणते. मला आली नाही. मला कळलं की तू काय केलंस, आणि माझा राग होता त्याच्या दुप्पट झाला. नुसतं कानात सांगितलं असतंस तर ते शब्द संध्याकाळपर्यंत पुसले गेले असते. तू पेरांवर शिकवलंस. चालत, हात धरून, पहिल्यापासून परत परत. त्यांच्या डोक्यात जी एकच जागा अजून धड होती तिथे तू ते नेऊन ठेवलंस, देवांच्या रांगेत. तू वाईट शिकवलं असतंस तर बरं झालं असतं. तू फार चांगलं शिकवलंस.

भिकाजीकाका काय म्हणाले तेही लिहिते, कारण त्या वेळी तू मान खाली घातली होतीस आणि ऐकलंस की नाही मला कळलं नाही. त्यांनी आधी बाबांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मग तुझ्याकडे वळले. "तुझा बा कुळगीला घावला तवाच मला समजलं रे. मी गावात कुनाला बोल्लो काय? मान काय उंदीर खानार हाय व्हय? आधी बापाला बघ." आणि मग जाता जाता, "आनि तुला गाऱ्हाणं येत न्हाई ह्ये समद्या गावाला ठावं हाय. त्येची कसली लाज? शिकायचं."

ज्यांच्यापासून तू हे लपवलंस ते पहिल्या दिवसापासून झाकून धरत होते. त्यांच्या भीतीने तू आठ महिने घालवलेस.

मी बाबांना न्यायलाच आले होते, पण निघताना तूच विचारलंस, कधी आणू, म्हणून एकटी परतले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सकाळी काही न खाता आणायचं, रक्त द्यायचं आहे. पित्ताची जी गोळी ते रोज घेतात तिचं पाकीट बरोबर आण. किती वर्षं घेतात ते वहिनीला विचार, तुला माहीत नसेल. आणि रस्त्यात त्यांना काही शिकवू नकोस. महिना सांगू नकोस, गाव सांगू नकोस, बसच्या खिडकीतून पाटी वाचून दाखवू नकोस. गप्प बसून त्यांना घेऊन ये. तुला ते जमणार नाही असं मला वाटतं. जमवून दाखव.

मयूरी


बेळगाव, ६ एप्रिल

अण्णा,

तुम्ही घरी पोचलात हे वहिनीने कळवलं. बाबा बसमधे झोपले ते बरं झालं.

आधी औषधाचं. रक्तात बी-ट्वेल्व्ह खूपच कमी निघालं. एवढी वर्षं पित्ताची गोळी घेतल्याने ते उतरतं, डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनं गुंदच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर देईल. तिच्या नावाची चिठ्ठी डॉक्टरांच्या कागदाला जोडलेली आहे, ती देवाच्या फोटोमागे खोचून ठेवू नकोस, तिला दे. पित्ताची गोळी बंद. डोक्याचा स्कॅन झाला आहे. त्यात दुसरा आजारही दिसतो, जो इंजेक्शनाने जाणार नाही, फक्त सावकाश वाढेल. कशामुळे किती विसरले हे आता वेगळं करता येत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, जुलैमधे इंजेक्शनं सुरू झाली असती तर? ते म्हणाले, तेव्हा सांगता आलं असतं. आता कुणीच सांगू शकणार नाही.

हे वाक्य तू पॅसेजमधे ऐकलंस. तू भिंतीला टेकलास. मी तुला पाणी आणून दिलं नाही. ते मी मुद्दाम केलं.

आता घरातलं. गोठ्याच्या आणि मागच्या दाराला वरच्या बाजूला कडी लाव, त्यांचा हात सहज जात नाही तिथे. बाबांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात तुझा, काकांचा आणि माझा नंबर शिवून टाक. बसच्या कंडक्टरांना सांग. कुळगीच्या फाटकावर सांग. गावात सगळ्यांना सांग, हसत नको, वारा होता असं नको. वहिनी आठवड्यातून दोन दिवस माहेरी किंवा बाजाराला एकटी जाईल आणि त्या दिवशी बाबांबरोबर तू राहशील. हे तिने मागितलेलं नाही. मी मागते आहे.

आणि गाऱ्हाणं. डॉक्टर म्हणाले ते अजून बराच काळ टिकेल. तेवढ्या काळात शिकून घे. रोज संध्याकाळी बांधावरून चाल त्यांच्याबरोबर. या वेळी ते म्हणतील आणि तू ऐकशील. त्यांनी मधे छत्री म्हटलं तर दुरुस्त करू नकोस, व्हय म्हाराजा म्हण आणि पुढच्या पेराची वाट बघ.

आता तू मला जे तीनदा विचारलंस ते. आत काय झालं. आपल्या दोघांनाही बाहेर बसवलं होतं, पण सिस्टर नंतर माझ्याशी बोलली. तिथे मी तुला सांगितलं नाही, कारण मला भीती होती की मी ते ओरडून सांगेन.

महिना त्यांना सांगता आला नाही. गाव विचारलं तर कुळगी म्हणाले. घड्याळाचे सगळे आकडे त्यांनी एका बाजूला गोळा केले आणि काटे काढलेच नाहीत. नवी सिस्टर होती, नवे तीन शब्द होते. तिने ते दोनदा ऐकवले. थोड्या वेळाने परत विचारलं, तेव्हा बाबा एकदम खुलले. करंगळीचं पहिलं पेर धरून त्यांनी सांगितलं, छत्री, केळं, खुर्ची. मग तिला म्हणाले, "माझ्या ल्योकानं शिकवलंय. इसरन कसा?"

सिस्टरने त्या रकान्यात शून्य लिहिलं. तिने बरोबर लिहिलं.

मग तिने दार उघडून तुला आत घेतलं. बाबांनी तुझ्याकडे बघून मान हलवली, पेपर चांगला गेलेल्या मुलाने हलवावी तशी. आत काय झालं ते तुला ठाऊक नव्हतं, तरी तू त्यांच्या पाठीवर हात ठेवलास आणि हसलास. खाली उतरेपर्यंत हसत राहिलास.

तेवढं बरं केलंस. बाकीच्याला माफी नाही.

मयूरी